चौसष्टाव्या पानावरचा आकडा

मी एक जुना माहितीकोश आहे, मित्रांनो, आणि माझे बहुतेक आयुष्य भीतीत गेले. तीस वर्षे मला कोणी उघडले नाही. कोणी उघडू नये म्हणून मीच देव पाण्यात घालून बसलो होतो.

'तारकादुर्ग' नावाची एक मालिका दूरचित्रवाणीवर लागत असे. ताऱ्यांपलीकडचा एक किल्ला आणि त्याचे रक्षण करणारी दोन महाकाय यंत्रे, दोगान आणि मिसागो. मालिका संपली, पण तिच्यापायी वेडी झालेली माणसे उरली. त्यांच्यासाठी माझा जन्म झाला. कोणाची उंची किती, बळ किती, कोणत्या भागात काय घडले, सारे माझ्या पोटात छापलेले आहे.

जपानमधल्या शिमिझू बंदरातल्या इनागाकीसानांनी आम्हां दोघा भावांना, म्हणजे एकाच कोशाच्या दोन प्रतींना, विकत घेतले. थोरल्याला पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहून घेतले, ते वाचायला. मला तीन महिन्यांनी घेतले, ते जपून ठेवायला. या वेड्या चाहत्यांची रीतच तशी. आवडती वस्तू दोनदा घ्यायची, एक हाताळायची आणि दुसरीला बोटही लावायचे नाही. मला दुकानातून आणले तसेच पारदर्शक पिशवीत घातले, चिकटपट्टी लावली आणि काचेच्या कपाटात सर्वांत वर उभे केले.

मधल्या तीन महिन्यांत काय झाले ते त्यांना कळलेच नाही. चौसष्टाव्या पानावर दोगानचे बळ ऐंशी हजार अश्वशक्ती छापले गेले होते. हवे होते आठ हजार. म्हणून नंतरच्या प्रतींत प्रकाशकाने चूक दुरुस्त करणारी चिठ्ठी घातली. थोरल्याच्या पोटात ती नव्हती. माझ्या पोटात होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी घरी जमत. चहा आणि संत्री मध्ये ठेवून भांडत. बळ कोणाचे जास्त, यावर तर दर वेळचेच रणकंदन. मिसागोचे वीस हजार, त्यामुळे दोगान चौपट. इनागाकीसान थोरल्याचे चौसष्टावे पान उघडून आकड्यावर बोट आपटत आणि वाद संपे. सगळे त्यांना मानत.

एका रविवारी साकुमासान नावाच्या परिचारिका मात्र ऐकेनात.

"एकोणिसाव्या भागात पूल कोसळतो," त्या म्हणाल्या. "दोगानला तो पेलत नाही. शेवटी मिसागो येऊन उचलते. चौपट बळ असतं तर दोगान गुडघ्यावर का आला असता?"

"चित्रं काढणाऱ्यांनी घाईत काढलं असेल. छापलेलं तेच खरं."

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग डोळे तपासून घ्या, साकुमासान."

"मिसागोवर जीव जडलाय बाईंचा," खेळण्यांचे दुकान चालवणारे होझुमीसान म्हणाले. "त्यांना आकडे कुठून दिसणार?"

सगळी खोली हसली. साकुमासानांचे कान लाल झाले. त्यांनी सोललेले संत्रे तसेच बशीत ठेवले आणि निघून गेल्या. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. नंतरही नाही.

मित्रांनो, बरोबर त्याच होत्या आणि ते फक्त मला ठाऊक होते. मला लाज वाटायला हवी होती. पण मला वाटली ती भीती. आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा रद्दीची गाडी येते. लोक पुस्तकांचे गठ्ठे पांढऱ्या दोरीने करकचून बांधून दाराशी ठेवतात. इनागाकीसान दोरी कापू लागले की मला वाटे, आता माझी पाळी. चिठ्ठी सापडली तर त्यांची अब्रू जाईल, आणि अब्रू घालवणाऱ्याला घरात कोण ठेवील? पुढे संगणकावर कोणी कोणी लिहिले की तो आकडा चुकीचा आहे. "छापील पुरावा आणा," इनागाकीसान म्हणत. पुरावा त्यांच्या डोक्यावर हातभर उंचीवर उभा होता आणि रद्दीच्या गाडीची चाहूल घेत होता.

अशी बावीस वर्षे गेली. मग होझुमीसानांनी एका रविवारी साकुमासानांना बळेच आणले. त्यांच्या नवऱ्याची बदली साप्पोरोला झाली होती, म्हणून निरोपाचा चहा. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

"काय, अजून मिसागोच का?" होझुमीसानांनी खोडी काढली.

"नाही हो. मलाच नीट दिसलं नसेल तेव्हा."

इनागाकीसान खुशीत आले. त्यांनी थोरल्याला उघडले आणि थबकले. बोटे आपटून आपटून तिथला आकडा पार पुसला गेला होता. पानावर नुसता तेलकट डाग उरला होता.

"दुसरी प्रत आहे की वर!" होझुमीसान म्हणाले.

तीस वर्षांची चिकटपट्टी चर्रकन निघाली. पान उघडले आणि चिठ्ठी चटईवर पडली. इनागाकीसानांनी ती वाचली आणि झटकन तिच्यावर तळवा ठेवला.

कोणाला दिसली नव्हती. मला त्यांचा दुसरा हात लागत होता, तो घामाने गार पडला होता. तेही घाबरले होते, माझ्याइतकेच. आता चिठ्ठी खिशात जाणार आणि मी दोरीत, एवढे मला दिसत होते.

"बसची वेळ झाली," म्हणून साकुमासान उठल्या. दाराशी जाऊन बूट घालू लागल्या.

"थांबा," इनागाकीसान म्हणाले. "होझुमीसान, तुम्हीही ऐका. सगळ्यांनी ऐका." मग ते उभे राहून वाचू लागले. "पान चौसष्ट. दोगानचे बळ ऐंशी हजारऐवजी आठ हजार असे वाचावे. चुकीबद्दल वाचकांची..." इथे त्यांना पुढे वाचवेना. त्यांनी कमरेत वाकून मान खाली घातली. "चुकीबद्दल क्षमा मागतो."

कोणी हसले नाही. साकुमासान एक बूट घातलेल्या तशाच उभ्या राहिल्या.

"तो भाग मी नंतर कधी पाहिलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "केवढा आवडायचा मला! वाटायचं, आपल्याला दिसतं तेच खोटं. बावीस वर्षं, इनागाकीसान."

इनागाकीसानांनी मला दोन्ही हातांनी उचलून साकुमासानांना दिले.

आता मी साप्पोरोत असतो. साकुमासान मला जेवतानाही उघडतात, माझ्यावर डाग पडतात, कोपरे दुमडतात. मित्रांनो, आवडते पुस्तक जरूर जपा, पण उघडून जपा. मी बंद राहिलो, कोरा करकरीत राहिलो, आणि तेवढ्या काळात एका बाईने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडून दिले.