पेनल्टीच्या ठिपक्यावरचा कोहळा

आनेकलमध्ये नागोजीअण्णांच्या बोलण्याचा ठरलेला हिशेब आहे. दहातली चार वाक्यं खरी, चार होऊ शकणारी आणि उरलेली दोन फुटबॉलची. "आपल्या गावात परदेशी संघ खेळणार" हे त्या दोनांतलं. अण्णा गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाल्यापासून एकोणीस वर्षं मी ते ऐकतोय.

यंदा मात्र मुलींच्या आशियाई पात्रता फेरीचे तीन सामने बेंगळुरूबाहेरच्या एका मैदानाला मिळणार होते आणि पाहणीच्या यादीत आनेकल होतं. गॅलरी झाली, दिवे लागले. राहिलं होतं मैदान, म्हणजेच बसवंत.

बसवंत निपाणीकडचा, मैदानाची निगा राखणारा. त्यानं वर्षभर मैदान खणून ठेवलं होतं. खाली चर, चरांत दगड, वर वाळू, मग गवत. पोरांचे सामने बुडाले. बेकरीवाला नंदकिशोर त्याला 'रताळ्यांचा ठेकेदार' म्हणायचा. क्लबच्या समितीनं तर ठरवूनच टाकलं होतं, पाहणीत नापास झालो की मैदान लग्नाच्या हॉलला गाड्या लावायला द्यायचं आणि बसवंतानं निपाणीची बस धरायची.

पाहणीच्या सकाळी अण्णांना वाटलं, दृष्ट काढावी. घर, दुकान, नवी लॉरी, सगळ्यांपुढे कोहळा फुटतो, मग मैदानानंच काय पाप केलंय? कुंकू भरलेला भलाथोरला कोहळा त्यांनी थेट पेनल्टीच्या ठिपक्यावर आपटला.

बसवंत धावत आला. "अण्णा, हे काय केलासा?"

"दृष्ट काढली रे. दहा गावांची नजर आहे आपल्यावर."

"मग दारात काढायची की ओ. हितं खून पडल्यागत दिसतंय."

दिसत होतंच तसं. पाहुणे तासाभरात येणार होते. अण्णांनी बादल्या मागवल्या. कुंकू जायच्या ऐवजी गोलपोस्टपर्यंत पसरलं. मग त्यांनी दारात टँकर उभा करून पाइप आत घेतला. बसवंत नको नको म्हणत होता.

"स्वल्प सोडतो," अण्णा म्हणाले.

अण्णांचं स्वल्प म्हणजे अख्खा टँकर. गोलसमोर तळं झालं. त्यात कोहळ्याची एक फोड तरंगत होती, तेवढ्यात गाडी आली.

पाहणी करणाऱ्या बाईनं तळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पाण्याच्या निचऱ्याची चाचणी आधीच सुरू केलीत? किती वाजता?"

अण्णा पाइप गुंडाळू लागले. बसवंतच म्हणाला, "आत्ताच थांबवलं पाणी, मॅडम. आता बगा." आणि तो गवताच्या कडेला बसला. त्याचं बोलून झालं होतं. पुढचं दगडांनी बोलायचं.

पाचव्या मिनिटाला फोड जमिनीला टेकली. दहाव्याला गवताची पाती वर आली. सोळाव्याला बाईनं बुटाची टाच रोवून उचलली. खळग्यात पाणी आलं नाही. तिनं चेंडू मागितला, ठिपक्यावर ठेवला आणि मारला. चेंडू सरळ जाळ्यात गेला. मागे गवत जरासं गुलाबी होतं, त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही.

"याआधीच्या दोन मैदानांना तासभर लागला होता," एवढंच म्हणाली.

आठवड्यानं पत्र आलं. तिन्ही सामने आनेकलला. नंदकिशोर हिरव्या मैदानाचा केक घेऊन आला, वर बसवंताचं नाव. अण्णांनी भाषणात सांगितलं की टँकरची कल्पना मुळात त्यांचीच, आणि मैदानाच्या मधोमध आपली अध्यक्षाची खुर्ची मांडली.

"सरी, ठीक, बस आता. मान तुझा," ते बसवंताला म्हणाले.

"खुर्ची उचला, अण्णा," बसवंत म्हणाला. "पाय रुतत्यात गवतात."

अण्णांनी ती स्वतःच्या हातांनी उचलली. एकोणीस वर्षांत त्यांनी खुर्ची सोडल्याची ही पहिलीच नोंद.