चौदाचं अ‍ॅव्हरेज

"चौदा देणारी गाडी अकरावर आली कावून?" कल्याणरावांनी पंपावरच शहादेवला विचारलं.

टाकी गळ्यापर्यंत भरली होती. निघताना टाकी फुल, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल, आणि किती डिझेल बसलं त्यावरून अ‍ॅव्हरेज काढायचं, ही कल्याणरावांची, म्हणजे सगळ्यांच्या अप्पांची, रीत. बीडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. सुमो घेतल्यापासून ते तुरीच्या भावाइतकंच तिच्या अ‍ॅव्हरेजबद्दल बोलत. इतरांच्या गाड्या दहा-अकरावर रडायच्या, अप्पांची मात्र सगळं घरदार बसवूनही चौदा द्यायची. "गाडीत काय न्हाई, आमच्या डायवरच्या पायात हाय," असं ते चारचौघांत म्हणत, तेव्हा शहादेवची मान ताठ व्हायची. त्याच्या वस्तीतल्या माणसाचं नाव मोंढ्यात असं कौतुकानं निघणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

पण पाय कसला न काय कसलं. गाडी द्यायची अकराच. पहिल्याच महिन्यात अप्पांनी "डिझेल कुठं जातंय?" असं विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाचा अर्थ न कळायला शहादेव दूधखुळा नव्हता. नळी लावून मालकाचं डिझेल काढणारे ड्रायव्हर त्यानंही पाहिले होते. नावाला बट्टा लागू नये म्हणून तो उतार आला की गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करू लागला. मांजरसुंब्याचा घाट तर अख्खा तसाच उतरायचा. बंद इंजिनावर ब्रेक दगडासारखा होतो, अंगातला सगळा जोर लावून दाबावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. मागच्या सीटवर अप्पा निवांत डुलक्या घेत असायचे.

आज मात्र तो अप्पांच्या लेकीला, ईश्वरीला, लातूरहून बाळंतपणासाठी माहेरी घेऊन आला होता. घाटाच्या तोंडाशी त्याचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. आरशात ईश्वरी दिसली, पोटावर हात ठेवून झोपलेली. लहानपणी याच गाडीच्या टपावर चढायचा हट्ट करणारी एवढीशी पोर नव्हती ती, पण त्याला तशीच वाटली. त्यानं हात मागे घेतला. सगळा घाट इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, हळूहळू उतरला. तिला घरी सोडलं आणि अप्पांना घेऊन पंपावर आला.

"नळी लावली का बे?" अप्पांनी आवाज खाली आणून विचारलं, तरी पंपावरच्या माणसानं मान वळवलीच.

इकडे आड, तिकडे विहीर. शहादेवनं खरं ते सांगितलं. "अप्पा, गाडी अकराच देती. मी उताराला इंजन बंद करतो म्हणून चौदा दिसतंय. आज ताई होत्या, म्हणून बंद केलं न्हाई."

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजी इतकी वर्सं आमी तसंच घाट उतरत व्हतो? मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी इचारलं व्हतं, डिझेल कुठं जातंय."

अप्पांनी नुसता हात पुढे केला आणि शहादेवनं किल्ली त्यावर ठेवली.

मोंढ्यात ही गोष्ट अर्धीच पोचली. डिझेलवरून काढला, एवढंच. मग कुणी गाडी हातात देईना. शेवटी मांजरसुंब्याला, घाट सुरू होतो तिथं, तो पंक्चरच्या दुकानात लागला.

एका दुपारी मोंढ्यातला टेम्पोवाला बिभीषण पंक्चर झालेलं चाक घेऊन आला. "अप्पांची गाडी पुन्यांदा चौदा द्याया लागली," तो म्हणाला. "नवा डायवर लई हुशार हाय म्हनत्यात."

तेवढ्यात सुमोच आली. कपिलधारच्या देवळात बाळाला पाया पाडून सगळे परतत होते. ईश्वरीनं त्याला ओळखलं, बाळाचा इवलासा हात धरून काचेतून हलवला. शहादेवनंही हात वर केला.

गाडी उताराला लागली आणि इंजिनचा आवाज बंद झाला.

शहादेव हातातला पाना तसाच धरून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. बिभीषण काहीतरी विचारत होता, त्याला ऐकू येत नव्हतं. गाडी वळणाआड गेली. पुष्कळ वेळानं, घाटाच्या पार तळाशी, इंजिन पुन्हा सुरू झालं.

मग तो आत येऊन चाकाशी बसला.