मुक्या मास्तरांची गाण्याची शाळा

माझे भावोजी लव्हिक प्रुएट यांच्या अंगावरून वारं गेलं ते मार्च महिन्यात, अंगणात कोयत्याला धार लावत असताना. चाकाचा आवाज एकदम थांबला म्हणून मी दारातून डोकावले, तर ते चाकाशेजारी कुशीवर पडलेले. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझी थोरली बहीण थिर्झा झऱ्यावरून पाणी घेऊन येत होती. तिनं बादली खाली ठेवली, थेंबही सांडू दिला नाही.

"पर्मिलिया, तू पाय धर," ताई म्हणाली, आणि आम्ही दोघींनी त्यांना उचलून आत नेलं.

पंधरा दिवसांत पाय चालता झाला. हातातही थोडी धुगधुगी आली. वाचा मात्र गेली. पुरती गेली असती तरी एक वेळ परवडलं असतं. पण एक शब्द तेवढा मागे राहिला होता. मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, कुत्र्याला हाकलायचं असलं तरी मंगळवार. आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय ते त्यांना स्वतःला ऐकू यायचं, आणि मग त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी उगाच चुलीत लाकूड सारायला जायचे.

आणि हे कुणाच्या वाट्याला आलं? तर अठरा वर्षं पाच वस्त्यांना गायला शिकवणाऱ्या माणसाच्या. दर ऑगस्टला, मक्याची शेवटची खुरपणी उरकली की भावोजी आमच्या प्रार्थनाघरात दहा दिवसांची गाण्याची शाळा घ्यायचे. आमच्याकडे पेटी नव्हती, आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, हे सैतानाचं खोकं असं आमच्या प्रार्थनाघराचे कारभारी डीकन टॉलिव्हर गॅड यांचं मत होतं. तेव्हा वाद्य एकच, गळा. पुस्तकात सुरांना आकार दिलेले असायचे. त्रिकोण दिसला की फा म्हणायचं, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, आणि पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण म्हणजे 'मी' हा सूर. डीकनसमोर मात्र पत्त्यांचं नाव काढायचं नाही. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं अशी माणसं दहा दिवसांत ते आकार वाचून चार भागांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, गाऊ लागायची. भावोजी स्वतः चालीही बांधायचे. त्यांच्या दोन चाली छापून आल्या होत्या, आणि त्या पार केंटकीत गातात असं फेरीवाल्यानं एकदा सांगितलं, तेव्हा ताईनं त्याला जेवून जायला लावलं होतं.

एप्रिलमध्ये डीकन गॅड भेटायला आले. आडव्या अंगाचा माणूस, आवाज पिंपात बोलल्यासारखा. भावोजींच्या शेजारी बसून त्यांनी प्रार्थना केली, आणि मग ताईकडे वळले.

"यंदाच्या शाळेला नॉक्सव्हिलकडचा एक मास्तर बघून ठेवलाय मी."

"ऑगस्टला अजून चार महिने आहेत, डीकन."

"चार महिन्यांत मुका बोलायला लागतो होय, थिर्झाबाई?"

"चार महिन्यांत मका पुरुषभर होतो," ताई म्हणाली. "ताक घेणार का?"

डीकननी ताक घेतलं, पण मान हलवतच गेले. ते गेल्यावर मी ताईला म्हटलं, "कशाच्या जिवावर बोललीस एवढं?" ती म्हणाली, "कशाच्याच नाही. पण तो गृहस्थ माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याची जागा दुसऱ्याला देत होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

त्यानंतर आठेक दिवसांनी आम्ही अंगणात साबण करत होतो. मोठ्या कढईत चरबी आणि राखेचं पाणी उकळत होतं, आणि ताई ढवळता ढवळता गात होती. भावोजींचीच जुनी चाल होती ती. "पैलतीरी दिवा लागला, नाव सोड रे आता." दुसऱ्या ओळीत सूर खाली उतरतो तिथं तिचं चुकलं. धुरानं डोळे चुरचुरत होते, लक्ष नव्हतं तिचं.

ओसरीवरून आवाज आला. "नाव सोड रे आता." बरोबर सुरात आणि अख्ख्या शब्दांसकट.

ताईचा हात थांबला. मी वळून बघितलं. ओसरीवर भावोजींशिवाय कुणी नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त दचकलेले होते. ताई पळत गेली. "बोला! पुन्हा बोला!" त्यांनी तोंड उघडलं, जोर लावला, आणि बाहेर आलं, "मंगळवार." त्यांनी मूठ खुर्चीवर आपटली.

"बोलू नका," ताई म्हणाली. "गा."

तिनं पहिली ओळ धरली. त्यांनी दुसरी धरली. तिसरी त्यांनी एकट्यानं म्हटली, आणि चौथ्या ओळीला दोघंही इतकी रडत होती की चाल मीच पुरी केली. साबण करपला. त्या वर्षीचा साबण काळाच निघाला, आणि ताईनं तो वर्षभर कुरकुर न करता वापरला.

हे असं का होतं ते मला आजही माहीत नाही. वाचा गेलेल्या माणसाचं गाणं शाबूत राहतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पण पाठ असलेलं गाणं म्हणणं वेगळं आणि तहान लागल्यावर पाणी मागणं वेगळं. "पैलतीरी दिवा लागला" म्हणून कुणी पाणी आणून देत नाही. ताईनं मग दुसरीकडून वाट काढायला घेतली. "पाणी दे" या तीन अक्षरांना तिनं तीन सूर लावले, त्यांचा डावा हात हातात घेतला, आणि टेबलावर ठोका देत ती ते म्हणत राहिली. सकाळी दूध काढल्यावर आणि दुपारी जेवणानंतर, रोज दोनदा. अकरा दिवस काही झालं नाही. बाराव्या दिवशी भावोजींनी पेला भिंतीवर फेकला आणि डोकं टेबलावर टेकून हुंदके देऊ लागले.

मी म्हटलं, "ताई, पुरे कर गं. छळ झाला हा."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रडायचं तर रडा," ती त्यांना म्हणाली, "पण सुरात रडा. ठोका चुकवू नका."

ते रडता रडता हसले. आणि त्या हसण्यातच, तिच्या ठोक्यावर, त्यांनी म्हटलं, "पाणी दे."

मी पाणी आणायला इतक्या घाईनं उठले की बाक उलथला.

जूनपर्यंत वीस वाक्यं झाली, जुलैअखेर चाळीस. सगळी सुरात. बटाटे वाढ. दार लाव. पाठ खाजव. ताईनं शाळेचीही वाक्यं घालून घेतली: वर बघा, पुस्तकात नको. श्वास इथं. बरोबर. पुन्हा. "मास्तराला 'पुन्हा' म्हणता आलं की निम्मी शाळा झाली," ती म्हणायची. उजवा हात खांद्यापर्यंत उचलत नव्हता, म्हणून ताल दाखवायचं त्यांनी डाव्या हातानं गिरवलं. झोपडीमागच्या कोबीच्या वाफ्यासमोर उभं राहून, रोज.

जुलै संपता संपता ताई मला घेऊन डीकन गॅड यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर तयार आहेत," ती म्हणाली.

डीकन सफरचंदाच्या फोडी वाळत घालत होते. "बोलतात?"

"गातात."

"थिर्झाबाई, नव्या पोरांना त्रिकोण कुठला नि चौकोन कुठला हे समजावून कोण सांगणार?"

"मास्तर मला खुणेनं, गाऊन सांगतील. मी पोरांना सांगीन."

"म्हणजे तुम्ही शिकवणार. प्रार्थनाघरात, बाप्यांपुढं, बाईमाणसानं उभं राहून."

"उभं राहून नाही," ताई म्हणाली. "बसून सांगेन."

डीकननी हातातली फोड उलटसुलट केली. शास्त्रात बसलेल्या बाईविषयी काय लिहिलंय ते आठवत असावेत. शेवटी म्हणाले, "तीन दिवस. तीन दिवसांत पोरं आकार वाचायला नाही लागली, तर नॉक्सव्हिलला निरोप धाडतो."

पहिल्या दिवशी त्रेचाळीस माणसं आली. निम्मी शिकायला, निम्मी बघायला. बाकं नेहमीसारखी चौकोनात मांडली होती, चार आवाजांना चार बाजू, आणि मधे मोकळी जागा. ताई पहिल्या बाकाच्या कडेला बसली, हात मांडीवर. भावोजी पाय ओढत मधे जाऊन उभे राहिले.

मागच्या खर्जाच्या बाकावरून एझ्रा डाउडी ओरडला, "मास्तर, आज वार कोणता हो?"

प्रार्थनाघर हसलं. भावोजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि जे यायचं तेच आलं, "मंगळवार." तो सोमवार होता. आता तर लोक मांड्या थोपटून हसू लागले. डीकन दाराशी उभे होते, ते हसले नाहीत, पण त्यांनी काही केलंही नाही.

ताई उठायला लागली. भावोजींनी तिला तळहात दाखवला. बस.

मग ते चालत एझ्राच्या समोर गेले. चोवीस वर्षांचा दांडगा गडी, लाकूडतोड करणारा. भावोजींनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि खर्जाची ओळ म्हटली, नुसत्या आकारांची. सोल, सोल, ला, फा. आणि थांबले. एझ्रा इकडेतिकडे बघू लागला. भावोजी थांबून राहिले. शेवटी एझ्रानं म्हटलं, चुकीचं. "पुन्हा," भावोजी सुरात म्हणाले. त्यानं पुन्हा म्हटलं. "पुन्हा." हसणं हळूहळू विरलं. मी मोजत नव्हते, पण पंधरा वेळा झालं असं नंतर सगळे सांगायचे, एझ्रा सोळा सांगतो. शेवटी ओळ बरोबर आली, आणि त्याच्या जाड गळ्यातून ती अशी निघाली की बाकाच्या फळ्या थरथरल्या.

"बरोबर," भावोजी म्हणाले. तेही सुरात.

एझ्रानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दहा दिवस तो चुकूनही हसला नाही, आणि दुसरा कुणी हसला तर त्याच्याकडे असा बघायचा की तो खोकायला लागायचा.

तिसऱ्या दिवशी डीकन आत येऊन बसले. ताई बसल्या जागेवरून समजावत होती की उदास चालीत शेवटी ला येतो, आणि तो रडका म्हणायचा नाही, भक्कम म्हणायचा, कारण दुःख भक्कमच असतं.

"थांबा," डीकन म्हणाले. "हे मास्तर म्हणाले का?"

भावोजींनी तसलं काही म्हटलं नव्हतं. ते आमच्या ताईचं स्वतःचं होतं. सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. ते शांतपणे डीकनकडे बघत, वरच्या सोलवर म्हणाले, "होऽऽ."

डीकननी दाढी खाजवली. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि खर्जाच्या बाकावर एझ्राच्या शेजारी जाऊन बसले. नॉक्सव्हिलला निरोप गेला नाही.

दहाव्या दिवशी समारोप होता. बाहेर झाडाखाली फळ्यांवर जेवण मांडलेलं, कोंबडी, शेंगांची उसळ, मक्याची भाकरी, सात तऱ्हेचे गोड पाव. जेवायच्या आधी भावोजींनी नवी चाल काढली. ती त्यांच्या डोक्यात हिवाळ्यापासून होती. हात लिहीत नव्हता, म्हणून जुलैमध्ये ते एक एक सूर म्हणत गेले आणि ताई आकार काढत गेली. पण खालून दुसरा, खर्जाच्या वरचा भाग ताईनं स्वतः घातला होता, त्यांना तो पटत नव्हता, आणि त्यावरून दोघं आठवडाभर सुरात भांडली होती. शेवटी तो ताईचाच राहिला.

आधी आकार म्हणून झाले, मग शब्द. त्रेचाळीसची आता साठ माणसं झाली होती. मी उंच आवाजांच्या बाकावर होते. तिसऱ्या कडव्याला ताईचा भाग वरून खाली उतरतो आणि खर्जाला जाऊन भिडतो. तिथं मला माझाच आवाज ऐकू येईना. डीकन गॅड डोळे मिटून गात होते, गळ्याच्या शिरा फुगवून.

संपल्यावर त्यांनी चालीचा कागद मागून घेतला. वर फक्त "ल. प्रुएट" लिहिलेलं होतं, ताईच्या अक्षरात. भावोजींनी तो त्यांच्या हातातून ओढला, डाव्या हातात कोळसा घेतला, आणि पुढं मोठं वाकडंतिकडं "थि" काढलं. तेवढ्याला त्यांना इतका वेळ लागला की बाहेर कोंबडी गार झाली, पण जागचं कुणी हललं नाही. पुढं ती चाल छापून आली तेव्हा छापणाऱ्यानं ते "थि" गाळलं. ताईनं त्याला पत्र लिहिलं. दुसरं लिहिलं. पाचव्या पत्रानंतर पुढच्या आवृत्तीत दोन नावं आली.

भावोजींची वाचा पूर्ण कधीच परतली नाही. सुराशिवाय त्यांना साठसत्तर शब्द यायला लागले, तेही थकल्यावर पळून जायचे. तरी त्यांनी आणखी सात वर्षं शाळा घेतल्या.

समारोपाच्या दिवशीच, लोक भांडी गोळा करत असताना, डोंगरापलीकडच्या वस्तीतली एक बाई ताईजवळ आली. "आमच्याकडे कुणालाच येत नाही गाणं. मास्तर येतील का? बोलले नाहीत तरी चालेल."

ताईनं भावोजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"सोमवारी निघतो," ताई म्हणाली. "पर्मिलिया, गाडीचं चाक बघून घे, कुरकुरतंय ते."

त्या मोसमात आम्ही ऑक्टोबरपर्यंत घरी परतलोच नाही.