व्हर्जिलच्या पडद्यामागचं काम

इंडियानातल्या ड्रॅग रेसवाल्यांत व्हर्जिल स्टकीचं नाव अदबीनं घेतलं जायचं, कारण तो लबाड आहे अशी सगळ्यांची खात्री होती. जुन्या गाड्यांच्या स्टॉक वर्गाचे नियम कडक. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या जड झाकणात, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कापायला परवानगी, पण तिच्याखाली ठरावीक खोलीपर्यंतच. त्यापुढचं ओतीव बीड कारखान्यातून आलं तसं खडबडीतच राहिलं पाहिजे. ते घासलं की इंजिनाला हवा जास्त मिळते, गाडी पळते, आणि पकडला गेला की माणूस बाद.

व्हर्जिल पडदा लावून काम करायचा. तो खोलवर घासतो आणि वरून पुन्हा असा खडबडीतपणा चढवतो की देवालाही कळू नये, अशी ख्याती होती. कुणी विचारलं तर तो नुसता गालात हसायचा. खरं म्हणजे तो पक्का भित्रा होता. नियमाची हद्द यायच्या आधीच त्याचा हात थांबायचा, आणि उरलेला वेळ तो पडद्याआड रेडिओ ऐकत बसायचा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. चार राज्यांतून हेडं यायची ती त्या हसण्यापायी.

त्या रविवारी त्याच्या बहिणीचा नवरा डेल्मार त्यानंच केलेल्या हेडावर वर्गात पहिला आला. हरलेल्या रॉस्को टिबेट्सनं तिथल्या तिथे तक्रार ठोकली आणि इंजिन उघडायचं ठरलं. तपासणीच्या शेडमध्ये ही गर्दी! हातात सँडविच घेऊन लोक तमाशाला बसावं तसे बसले. व्हर्जिल हळूच दाराकडे सरकू लागला.

"घाबरलास होय रे?" रॉस्को खूश होऊन म्हणाला. "आज तुझी जादू उघडी पडणार."

व्हर्जिलला तीच भीती होती.

तपासनीस हार्लन पेटिटनं आरसा घातला, बोट फिरवलं, खोली मोजायचं गेज लावलं. मग पुन्हा लावलं, कारण त्याचाही विश्वास बसेना.

"नियमात आहे," तो म्हणाला. "नियमात म्हणजे काय, मुभा आहे तेवढंसुद्धा कापलेलं नाही. इतकं सोवळं हेड मी जन्मात पाहिलं नाही."

शेडमध्ये कुणी घास गिळेना. डेल्मार जिंकला होता, पण त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"मग माझी गाडी जिंकली कशी?"

"तुम्ही चांगली चालवली असेल," व्हर्जिल पुटपुटला.

"मी?" डेल्मार भडकला. "व्हर्जिल, इतकी वर्षं तू माझ्या हेडात काय केलंस?"

"दाजी, हळू बोला."

"हळू काय? अरे, घरचा माणूस म्हणून तुझ्यावर विश्वास टाकला, आणि तू सरळ काम करून दिलंस?"

रॉस्कोला तर रडू यायचं बाकी होतं. "तुझ्या धास्तीनं माझी झोप उडाली होती रे. तुझी बरोबरी करायची म्हणून मी काय काय घासून ठेवलंय..." एवढं बोलून त्याला हार्लन दिसला, आणि तो लगबगीनं आपल्या गाडीचं बॉनेट लावायला पळाला.

बाहेर व्हर्जिलच्या ट्रकमध्ये कामाला आलेली हेडं होती. एकेक जण आला, 'घरी थोडं काम निघालंय' म्हणाला आणि आपलं हेड उचलून घेऊन गेला. शिवी कुणी दिली नाही. व्हर्जिलला शिवी चालली असती.

ट्रक रिकामा झाल्यावर तो हार्लनपाशी गेला. लाजलज्जा आता उरली नव्हती.

"हार्लन, तेवढं 'संशयास्पद' म्हणून जाहीर कर. बाद करू नकोस, नुसता संशय. माझं दुकान बसेल रे."

हार्लननं हातातलं गेज खाली ठेवलं. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि म्हणूनच तो सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलला.

"छे छे व्हर्जिल! तुझ्यासारख्या सज्जन माणसावर संशय कोण घेईल?"