राखून ठेवलेला प्रश्न

मित्रांनो, माईक दिसला की तुमचे हात का शिवशिवतात, हे एकदा मला समजावून सांगा बरं. कुणी टिचक्या मारतो, कुणी फू-फू करतो. अहो, मी जुना, वायरचा माईक आहे, चूल नव्हे. फुंकर घातली म्हणून मी पेटत नाही!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण कळू लागलं ते उमरखेडला, वाहिदभाईंच्या मंडप आणि साऊंडच्या दुकानात. त्यांनी माझ्या जाळीवरून मऊ कापड फिरवलं आणि म्हणाले, "आजपासून तू घरचा." मग काय विचारता! शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्या सुटल्या की माझाच आवाज शिवारभर घुमायचा. लग्नात नवरीच्या मामाला मीच हाका मारायचो. निवडणुकीतल्या थापाही माझ्यातूनच गेल्या, पण तो दोष माझा नाही. मी आपला हमाल. मात्र एक विद्या मला आपोआप आली. माणूस मी श्वासावरून ओळखतो. मनातलं बोलणाऱ्याचा श्वास वेगळा आणि पाठ केलेलं म्हणणाऱ्याचा वेगळा.

मग बिनवायरचे माईक आले. नाचरे, चकचकीत. मला जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवलं गेलं. तुम्हाला खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पेटीत पडून मी दुसऱ्यांची लग्नं ऐकत राहिलो.

तुळशीचं लग्न आटोपलं आणि लग्नसराई सुरू झाली. सगळे चकचकीत माईक बाहेर गेले होते. नेमकं त्याच दिवशी महागाव रस्त्यावरच्या एका गावात, म्हणजे वाहिदभाईंचं घर आहे त्याच गावात, शाळेची अभिरूप संसद होती. मुलांनी मंत्री व्हायचं, मुलांनीच विरोधी पक्ष व्हायचं. पहिला नंबर आला तर शाळा जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला जाणार होती. वाहिदभाईंची धाकटी नुजहत त्यात विरोधी पक्षनेती होती. त्यांनी मला पेटीतून काढलं. शिळ्या कढीला ऊत आला म्हणा ना!

विषय होता देशावरचं आर्थिक संकट. तिजोरी रिकामी, महागाई वाढलेली आणि अर्थमंत्र्यांनी विरोधकांना उत्तरं द्यायची. अर्थमंत्री होती नववीतली वैष्णवी. खेमसिंग सरांनी प्रश्नही लिहून दिले होते आणि उत्तरंही. मंत्र्याला त्यांनी एक युक्ती शिकवली होती. पहिल्या प्रश्नाला "हे खरे नाही" म्हणायचं. मग पुढच्या सगळ्या प्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही" म्हणता येतं. खऱ्या सभागृहातही असंच चालतं म्हणे!

माईक एकच होता. सरांनी मला सरकारच्या बाजूला उभं केलं. विरोधकांनी कुरकुर केली, तर म्हणाले, "लेकहो, प्रश्न तं सगळ्यायले पाठच हायेत. उत्तर ऐकू आलं पाह्यजे."

संसद सुरू झाली. वैष्णवीचा आवाज खणखणीत होता, पण श्वास पाठांतराचा. विरोधक बिचारे घसा ताणत होते, मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं आणि मागची पोरं हसत होती. तेवढ्यात नुजहत उठली. ती जे बोलली ते सरांच्या कागदात नव्हतं. बस, बहीण, कॉलेज असे तुकडेच काय ते ऐकू आले. बाकीचं हशात बुडालं.

सरांनी वैष्णवीला खूण केली, चल पुढे. वैष्णवी माझ्याजवळ आली. म्हणाली, "अध्यक्ष महोदय, हे खरे..."

आणि थांबली. तिचा श्वास बदलला, मित्रांनो. इतक्या वर्षांत असा बदललेला मी फार थोड्यांचा ऐकला.

तिनं मला स्टँडवरून काढलं आणि सरळ विरोधकांकडे चालू लागली. परीक्षक चुळबुळले. सर डोळे वटारू लागले. निम्म्या वाटेत माझी वायर ताणली गेली. जुना जीव माझा, सांधा तुटला असता तर तिथंच संपलो असतो. पण मी दात-ओठ आवळून धरून राहिलो. वैष्णवी म्हणाली, "नुजहत, वायर पुरत नाही. दोन पावलं तू ये."

नुजहत आली. सभागृहाच्या मधोमध तिनं मला हातात घेतलं. "अध्यक्ष महोदय, पैसे नाहीत म्हणून संध्याकाळची बस बंद झाली. माही बहीण गुलनार उमरखेडले कॉलेजात जाते. ती घरी कशी येईन? अब्बाचा धंदाच संध्याकाळचा. महिना सरला की ते कॉलेजातून तिचं नाव काढून राह्यले. काटकसर करा, पण कात्री पह्यले पोरीयच्या बसलेच काहून?"

मागची पोरं हसायची थांबली. मशीनवर बसले होते वाहिदभाई. आवाजाच्या बटणावर त्यांचा हात होता, तो मला वायरीतून जाणवत होता. घरातली गोष्ट गावासमोर आली होती. बटण जरा खाली फिरवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी आवाज वाढवला.

वैष्णवीनं मला परत घेतलं. "अध्यक्ष महोदय, हे खरे आहे," ती म्हणाली. "तिजोरी रिकामी आहे, हेही खरे आहे. बस कशी चालवायची, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पण मुलींचं शिक्षण तोडून केलेली काटकसर मला मान्य नाही. मी उत्तर आणेनच. तोवर हा प्रश्न राखून ठेवावा आणि गुलनारचं नाव काढण्याला स्थगिती द्यावी."

अध्यक्ष झालेल्या कपिलनं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. हातोडी आपटून तो म्हणाला, "प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे. स्थगिती मंजूर!"

जागा सोडली म्हणून परीक्षकांनी गुण कापले. यवतमाळ हुकलं. खेमसिंग सर जरा वेळ फुगून बसले, मग वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नंबर गेला. पण मंत्री झ्याक होती."

वाहिदभाई माझी वायर गुंडाळत होते तेव्हा नुजहत जवळ आली. "अब्बा, स्थगिती लागली हाये. आता नाव काढता येत नाही."

"कोणं लावली?"

"अर्थमंत्र्यानं."

वाहिदभाई हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "सरकारचा हुकूम हाये तं मानाच लागते, बेटा." तेव्हापासून दुकानातून निघता आलं तर ते गुलनारला टेम्पोतून आणतात. नाही जमलं तर ती मैत्रिणीकडे राहते. ओढाताण होते, पण कॉलेज चालू आहे.

पुढे सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आली. वैष्णवी दुकानात येऊन म्हणाली, "चाचा, तोच माईक पाह्यजे." सभेत सरपंच मारोतराव बसचा विषय "पाहू" म्हणून गुंडाळत होते. ती उठली. "काका, माझ्याकडे एक प्रश्न राखून ठेवलेला आहे."

मारोतराव हसले. "तू तं नाटकातली मंत्री न वं?"

"नाटक सरलं, काका. प्रश्न कुठी सरला?"

बसच्या मागणीचा ठराव त्याच दिवशी झाला. बस अजून आलेली नाही. एक मेच्या ग्रामसभेत ती पुन्हा उठली आणि तेच वाक्य म्हणाली. यावेळी मारोतराव हसले नाहीत. त्यांनी स्वतःच उठून मला तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, मी आता पेटीत नसतो, दुकानात खुंटीवर असतो. सांधा कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून विनवतो, माझी जाळी कोरड्या कापडानं पुसा, वायर करकचून गुंडाळू नका. आणि तुमचं बोलून झालं की मला बंद करून ठेवू नका. समोर ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याच्या हाती द्या. वायर पुरली नाही तर त्याला दोन पावलं पुढे बोलवा.

पंधरा ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा आहे. वैष्णवी उठणार आहे, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मी तुटणार नाही. तुम्ही फक्त तेवढ्या टिचक्या मारू नका.