पत्ता: दवाखान्यातला बाक

मित्रांनो, मी एका सरकारी दवाखान्यातला जुना बाक आहे. तुम्ही माणसे चेहऱ्यावरून ओळखता, मी बसण्यावरून ओळखतो. पोटदुखीवाला पुढे वाकून बसतो, सुईला घाबरणारा कडेला जेमतेम टेकतो, आणि ज्याला काहीच झालेले नसते तो ऐसपैस बसतो.

सुताराने मला एका जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवले. पूर्वी मी लोकांना अडवत असे, आता बसवून घेतो. आमच्याकडे नंबराच्या चिठ्ठ्या नाहीत. आल्यावर मागच्या टोकाला बसायचे आणि पुढचा उठला की सरकायचे. सरकून सरकून लोकांनी मला गुळगुळीत केले आहे. फक्त मधल्या फळीचा एक खिळा सैल आहे. तिथे कोणी बसले की मी कुरकुरतो.

एकदा नवे कारकून आले. भारी शिस्तीचे. पत्ता नाही तर केसपेपर नाही, असा त्यांनी नियमच केला. त्याच आठवड्यात विटा वाहणारी एक बाई तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन आली. सरकत सरकत खिडकीपाशी पोहोचली, तर कारकुनांनी पत्ता विचारला. एक बांधकाम संपले की तिचे बिऱ्हाड दुसरीकडे, ती सांगणार काय? ती पुन्हा मागच्या टोकाला येऊन बसली. नंबर येईपर्यंत काहीतरी सुचेल, असे तिला वाटले.

दुसऱ्या फेरीतही काही सुचले नाही. पोरीचा पाय माझ्या फळीला लागत होता, चांगलाच तापलेला. मला फार वाईट वाटले, पण बाकाने करायचे तरी काय? तिसऱ्यांदा ती सैल खिळ्यापाशी आली, तेव्हा मी जीव खाऊन कुरकुरलो.

नर्सबाईंनी वळून पाहिले.

"काय हो ताई, सकाळपासून इथंच? मुक्काम केलात की काय?"

बाईने सगळे सांगितले. नर्सबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तिला उचलून त्या थेट डॉक्टरांकडे निघाल्या. जाता जाता कारकुनांना म्हणाल्या, "लिहा पत्ता, दवाखान्यातला बाक. आजारी पडायला पत्ता लागत नाही, मग बरं व्हायला कशाला?"

कारकून गोरेमोरे झाले, पण त्यांनी लिहिले. चौथ्या दिवशी तीच पोर माझ्यावर उड्या मारत होती. माझी हाडे खिळखिळी झाली, पण आनंद पोटात मावेना. पुढे अनेकांनी तोच पत्ता दिला.

गेल्या महिन्यात नव्या खुर्च्या आल्या आणि मला भंगारात न्यायला दोन माणसे आली. तेव्हा कारकून स्वतः खिडकी सोडून बाहेर आले.

"बाक हलवायचा नाही," ते म्हणाले. "चाळीस माणसं राहतात त्यावर."

मित्रांनो, जमले तर माझे डुगडुगणारे पाय नीट करून घ्या. तो खिळा मात्र सैलच राहू द्या. कोणी तिसऱ्यांदा सरकत आले, तर मला कुरकुरता आले पाहिजे.