खिडकीच्या कोपऱ्यातला अंगठा

"सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही, ठिकरे," काचवाला म्हणाला, "पण आपण निघालोय ना, त्या घराच्या खिडकीत एकदा मलाच बसवलं होतं. काच म्हणून."

बस वळणावर कलली. नातीने पुढच्या सीटचा दांडा धरला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "मग?"

काचवाला बुचकळ्यात पडला. एरवी एवढ्यावरच खेळ आटोपायचा. त्यांच्या घरात थापांचा कायदा होता. म्हाताऱ्याने थाप मारायची, नातीने ती पकडायची आणि पकडली की मोठ्याने म्हणायचं, "तडा." तडा गेला की गोष्ट तिथंच बंद. पुढे रेटायची नाही, सारवासारव करायची नाही. "तडकलेल्या काचेला ठिगळ लागत नसतं," हे म्हाताऱ्याचंच वाक्य. गल्लीत त्याच्या थापांना कोणी भीक घालत नसे. शेजारचा शिंपी तर म्हणायचा, "काका, तुमच्या बोलण्याला मापच नाही, नाहीतर एखादा सदरा शिवला असता त्याला." पण शिंपी काय, सगळ्यावरच हसायचा. खरी पारख या नऊ वर्षांच्या पोरीला होती. अंगाने एवढीशी, जिभेला धार, म्हणून नाव ठिकरी.

"मग काय," म्हातारा सरसावला. "वारा असा सुटलेला, की कावळे चालत घरी निघाले होते. मी गच्चीवर, हातात माझ्याएवढी काच. उचललं की वाऱ्याने मला काचेसकट! पाण्याच्या टाकीवरून, झाडांच्या शेंड्यांवरून नेलं आणि वरच्या मजल्याच्या चौकटीत असं फिट्ट बसवलं, की मुकादम खालून म्हणतो, 'हलू नका, काच पक्की करायला कडेने लांबी भरून घेतो.'"

"तुमच्या कडेने?"

"माझ्याच. चांगली दाबून भरली."

"आणि जेवलात कसे?"

"खिडकी उघडायची, घास घ्यायचा, खिडकी लावायची."

ठिकरीच्या ओठाचा कोपरा हलला. पण तडा ती म्हणाली नाही. "मग?" तिने पुन्हा विचारलं. ही पोर आज गोष्ट संपूच देत नाहीये, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. गोष्ट संपली की उतरायचा थांबा येणार, एवढं तिलाही कळत असावं.

तिने पायाजवळची त्याची औजारांची पिशवी बुटाने ढकलून पाहिली. "आज पिशवी वाजत नाहीये."

"झोपलीत औजारं. रात्री जागरण झालं त्यांना."

तिने बूट मागे घेतला. पिशवीत वरती एक हातोडी होती. खाली ठिकरीचे कपडे, कंगवा आणि थंडीतला स्वेटर. एका घरी फुटलेली काच बदलायची आहे, तिथं मुली राहतात, तू सोबत चल, जागा बघ, आवडली तर पुढचं पुढे, नाहीतर संध्याकाळच्या बसने दोघं परत, असं सांगून त्याने तिला घराबाहेर काढलं होतं.

खरं सांगायला सवड नव्हती असं नाही. सकाळी तो तिची वेणी घालत होता. काच कापायच्या हातांना वेणी नीट जमत नसे, म्हणून त्याने ती दोनदा सोडून घातली, आणि दोन्ही वेळा वाक्य ओठापर्यंत आलं होतं. उभ्या जन्मात थापेला कधी शब्द कमी पडले नव्हते. खऱ्याला एक जुळेना.

मागे एकदा भर दुकानात त्याला घेरी आली. हातातल्या काचेसकट तो आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा ठिकरी काचांच्या खचात अनवाणी बसलेली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. हललं तर आजोबांना लागेल म्हणून ती तसूभर हलली नव्हती. तिच्या तळपायात रुतलेला तुकडा दुसऱ्या दिवशी ती लंगडली तेव्हा कळला. घेरी पुन्हा येणार, असं डॉक्टर म्हणाले. ठिकरीची आई, म्हणजे म्हाताऱ्याची मुलगी, वारलेली. बाप कुठे असतो ते बापालाच ठाऊक. शिंप्याची बायको एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही तिला सांभाळताय, की ती तुम्हाला?" दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याने बालगृहाचा पत्ता काढला.

बालगृहाच्या फाटकाशी अधीक्षक बाई उभ्याच होत्या. गेल्या आठवड्यात तो एकटा येऊन त्यांना भेटून गेला होता. तेव्हा निघताना त्या म्हणाल्या होत्या, "एक करा काका, तिला खरं सांगून आणा. फसवून आणलेली पोरं पहिल्या दिवशी तुमच्यावर रुसतात, आणि मग आमचंही काही खरं मानत नाहीत." त्याने मान डोलावली होती.

ठिकरी पायरीवर बूट काढायला बसली, तशा बाई हळूच म्हणाल्या, "सांगितलंत ना तिला?"

"सांगितलं."

"आणि आली खुशीनं?"

"नाचत."

एवढी छोटी थाप त्याने आयुष्यात मारली नव्हती, आणि एवढी जडही.

मागच्या अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. एकीने उडी न थांबवताच विचारलं, "नवीन का गं?"

"नाही, काच बसवायला आलोय," ठिकरी म्हणाली.

वरच्या मजल्यावर लांबलचक खोली होती. दोन रांगांत खाटा, प्रत्येकीच्या पायथ्याशी लोखंडी कपाट. जमीन नुकतीच पुसलेली. "फिरून बघा निवांत," म्हणून बाई दाराबाहेर थांबल्या. म्हाताऱ्याने ठिकरीला थेट टोकाच्या खिडकीजवळच्या खाटेशी नेलं. तिथली चादर कोरी होती.

"हीच ती खिडकी. मी इथंच बसलो होतो. पुरावा हवा?" तो म्हणाला. "त्या खालच्या कोपऱ्यात बघ. निघताना लांबीत अंगठा उमटवून गेलो. तुझी आई जन्मायच्या आधीची गोष्ट. आजही तसाच आहे."

ठिकरीने वाकून पाहिलं. अंगठा खरंच होता. रुंद, मधोमध कापल्याची तिरपी रेघ असलेला. ही रेघ तिच्या पाठीवरून, केसांवरून रोज फिरायची. ती दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

या घरात त्याने एकही काच बसवलेली नव्हती. गेल्या आठवड्यात बाई नोंदवही आणायला गेल्या, तेव्हा या खिडकीच्या कोपऱ्यातली लांबी निखळलेली त्याला दिसली. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा त्याच्या खिशात असायचाच. त्याने भोक बुजवलं, आणि हात काढून घेता घेता अंगठा दाबला. पोर रात्री जागी झाली तर तिला हाताला लागेल असं आपलं काहीतरी असावं, इतकंच मनात होतं. थाप त्यावर मागाहून रचली. जन्मभर या धंद्यात राहिलेला माणूस एक गोष्ट मात्र साफ विसरला होता, आणि ती त्यानेच नातीला शिकवली होती.

ठिकरीने नख टेकवलं. नख आत गेलं.

तिने बोट नाकाशी नेलं. जवसाच्या तेलाचा वास आला, दुकानाचा. शेजारच्या खिडकीची लांबी तिने खरवडून पाहिली. ती वाळून दगडासारखी झाली होती.

"ओली आहे," ती म्हणाली.

"इथली हवाच दमट."

"आठ-दहा दिवसांची असेल." ती स्वतःशीच हिशोब केल्यासारखी बोलत होती. "त्या दिवशी तुम्ही चष्मेवाल्याकडे जातो म्हणून गेलात. मला शिंपीणकाकूंकडे ठेवून."

तिने खाटेच्या कोऱ्या चादरीवरून हात फिरवला, कपाटाकडे पाहिलं. कपाटाला कुलूप नव्हतं, नवी कडी होती. खालून दोरीचा सपासप आवाज येत होता.

मग तिने त्याच्या हातातली पिशवी सोडवून घेतली. त्याची बोटं अशी आवळलेली होती की एकेक उचलावं लागलं. पिशवी तिने खाटेवर ठेवली. ती वाजली नाही.

"ठिकरे, अगं ऐक तर," म्हातारा म्हणाला, "तू जरा मुलींत खेळून ये. मी खाली पायरीवरच बसतो. आणि संध्याकाळच्या बसने आपण दोघं..."

"तडा," ठिकरी म्हणाली.